मागच्यासाठी डहाळी

आमच्या गावामागच्या डोंगरात वाटेला फाटा फुटला, की पुढच्याने चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागचा चुकत नाही. आमच्यात मागचा कायम माझा दोस्त वसंता. करवंदं खात, पाखरांशी गप्पा मारत स्वारी तासाभराने नदीच्या घळीत उतरायची आणि वर मलाच ओरडायची, "पळतोस काय? नदी वाहून जाणार होती का?"

वसंता वारल्यानंतर काल पहिल्यांदाच तिकडे गेलो, बायकोला घेऊन. फाट्यावर डहाळी मोडली, आडवी टाकली आणि एकदम थबकलो. मागे नुसतं रान होतं. तो गेल्याचं डोक्याला कळलंय. हातांना कोण सांगणार?

बायकोने डहाळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, जरा मोठी टाका. भाऊजींना एवढीशी दिसायची नाही."