रुईआजीचा खोकला

"काय करतीस बाई तू?" असं कुणी विचारलं, की सेलूची धम्मशीला सांगायची, "माणसं काढते." पुण्याची एक कार्टून कंपनी तिला गोष्टी पाठवायची अन् ही घरात बसून त्यांतली पात्रं काढायची. तिचं शास्त्र एकच होतं. पात्राची नुसती सावली दाखवली तरी पोरानं त्याचं नाव घेतलं पाहिजे! गोरंगोमटं तोंड कुणाच्या ध्यानात राहत नाही, ध्यानात राहते ती माणसाची खोड.

खरंच आहे ते. पण खोड कुणाची उचलावी, हे कोणतं शास्त्र सांगणार?

घरात तिची माय होती, कडूबाई. बावीस वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडला, तिथली रुई छातीत जाऊन बसली. खोकला आला की एक हात कंबरेवर जायचा, दुसरा हवेत, मान पुढं अन् डोळे मिटलेले. कंपनीला एक आजी पाहिजे होती. धम्मशीलाच्या तीन आज्या नापास होऊन परत आल्या. चौथ्या वेळी तिनं समोर बसलेली मायच काढली, अन् वर एक करामत केली. ही आजी खोकली की तोंडातून रुईचा ढग निघतो अन् चोर आंधळे होतात.

रुईआजी चालली, अन् अशी चालली की विचारू नका! मोबाईलवर तीच, पोरांच्या दप्तरावर तीच. कडूबाईनं पहिला भाग पाहिला, हसली अन् म्हणाली, "लय झ्याक काढलंस गं मला. पर एवढी खोकते का मी?"

"गंमत हाय माय ती."

"हां, गंमत हाय," कडूबाई म्हणाली.

मग एक दिवस बाजारात मेथी घेताना तिला उबळ आली. एक पोरगं ओरडलं, "रुईआजी! ढग काढ की!" बायका हसल्या, भाजीवाला हसला. सरकारी दवाखान्याच्या ओळीतही तेच झालं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, म्हणून तर भांडायची सोय नव्हती. कडूबाईनं दवाखान्यात जाणंच सोडलं. लेकीला म्हणाली, "आता बरं वाटायलंय मला."

अन् खोकला खरंच कमी झाला. धम्मशीलाचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या राजेश्रीला ती हरखून म्हणाली, "मायची छाती मोकळी झाली बघ." राजेश्रीनं नुसती मान हलवली. वा गं हुशार पोरी! रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची चाल एका नजरेत टिपतेस, अन् दोन खोल्यांच्या घरात माय काय करायलीय, ते दिसलं न्हाई तुला?

थंडीत कडूबाईला धाप लागली. दवाखान्यात नेली, ती तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर चिडले, "इतके दिवस घरात कसं ठेवलंत?"

"खोकला कमी झाला होता, साहेब," धम्मशीला म्हणाली.

मायच्या मागं पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर तिची लुगडी वाटायला काढली. पाच लुगडी होती. पाचही पदर एकाच जागी कुरतडलेले, दातांनी चावून चाळण झालेले. धम्मशीलानं ते पदर मदतीला आलेल्या राजेश्रीपुढं धरले.

"उबळ आली की पदराचा बोळा तोंडात कोंबायच्या," राजेश्री रडत म्हणाली. बाजारातलं, दवाखान्यातलं सगळं तिनं सांगितलं. "मला शपथ घातली होती. म्हणायच्या, लेकीचं नाव व्हायलंय, तिला बोलू नको."

धम्मशीलानं ती लुगडी छातीशी धरली अन् गल्ली गोळा होईल असा हंबरडा फोडला.

पंधरवड्यानं कंपनीला नव्या भागाची चित्रं हवी होती. तिनं पाठवली. लगोलग पुण्याहून साहेबांचा फोन आला. "मॅडम, हे काय? आजीच्या तोंडात पदर? ढग कुठंय? अहो, खोकल्यावरच तर पोरं हसतात!"

"म्हणूनच पदर काढला," धम्मशीला म्हणाली. "आता न्हाई खोकणार ती."