लाल ठिपक्याची साक्ष

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि केवळ समोशांसाठी हजर राहणाऱ्यांस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या प्रयोगशाळेतला उलटा लोलक पडला, तो आपणहून पडला नव्हता. त्याला पाडण्यात आले होते. पाडणारा इसम मध्यम वयाचा, पेशाने प्राध्यापक असून प्रस्तुत मजकूर तोच लिहीत आहे.

हुश्श. तीन वर्षं हे वाक्य लपवून ठेवलं होतं.

उलटा लोलक म्हणजे काय ते आधी सांगतो. तळहातावर झाडू उभा धरायचा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलेला आहे. झाडू डावीकडे झुकला की हात डावीकडे न्यायचा, उजवीकडे झुकला की उजवीकडे. आमच्याकडे झाडूच्या जागी अॅल्युमिनियमची दांडी आणि हाताच्या जागी रुळावरून पळणारी एक छोटी गाडी. दांडी कुठे झुकते ते संगणक पाहतो आणि मोटरला सांगतो, पळ. रायपुरातल्या एका कॉलेजात मी हे नियंत्रण प्रणालीचं शास्त्र शिकवतो. यंत्राने स्वतःची चूक स्वतः ओळखून लगेच कशी सुधारावी, याचं हे शास्त्र. प्राध्यापकाने ती कशी सुधारावी, याचा पेपर आमच्याकडे नाही.

तर ही दांडी उभी केली होती माझ्या विद्यार्थिनीने. घरचे मूळ गोंदियाकडचे, वडील रेल्वेत. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. पीएचडीचं तिसरं वर्ष. एका सोमवारी समितीसमोर तिला काम दाखवायचं होतं आणि ते पसंत पडलं नाही तर नोंदणीच धोक्यात येणार होती. आठ महिने खपून तिने सगळं जुळवलं होतं. संगणक आणि मोटर यांच्यामध्ये एक डबा होता. मोटरने किती जोर लावायचा, ते त्यावरच्या काळ्या नॉबने ठरायचं. नेमकी जागा सापडल्यावर तिने नॉबवरच्या खुणेसमोर डब्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. ‘सर, इसे कोई हाथ न लगाए,’ एवढंच तिचं मागणं.

त्याआधीच्या शनिवारी मी आत्याला डोळे दाखवायला समता कॉलोनीत नेलं होतं. आत्या ब्राह्मणपाऱ्यात राहते, वय पंचाहत्तरच्या पुढे. डोळे तपासायला कशाला नेलं हा प्रश्नच आहे, कारण तिला सगळं दिसतं. परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, “तू दिवसभर त्या कॉलेजात करतं तरी काय? दाखव बरं मले.”

मी दाखवलं. विद्यार्थिनी रिपोर्टच्या प्रती काढायला गेली होती, लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी बटण दाबलं, दांडी धरून उभी केली, हात सोडला. दांडी उभी. खालची गाडी बारीक बारीक हलते आहे. मी जादूगारासारखा बाजूला झालो.

आत्याने बराच वेळ पाहिलं. “उभी हाय. बरं. मंग?”

“मग काय, उभी राहते.”

“एवढ्याचा पगार देतेत तुले?”

आता सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? मी नॉब धरला आणि जोर वाढवत नेला. दांडी आधी शहारली, मग थरथरायला लागली, मग गाडी खडखड करत पुढे-मागे नाचायला लागली. आत्या खूश. “अरे बाप्पा, हे तर अंगात आल्यावानी करून राहिलं. अजून फिरव.” मी अजून फिरवला. नॉब शेवटाला जाऊन अडला. मी आणखी जरासा रेटला.

कट्, असा आवाज झाला. अगदी लहान.

मी खूण पुन्हा लाल ठिपक्यावर आणून ठेवली आणि यंत्र बंद केलं. दांडी एकदा परत उभी करून पाहायला हवी होती. पण आत्याला भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सोमवारी समिती कधी नव्हे ती वेळेच्या आधी आली. विद्यार्थिनीने खूण ठिपक्यावर आहे हे पाहिलं, यंत्र सुरू केलं आणि हात सोडला. दांडी एका बाजूला झुकली, गाडी तिच्यामागे म्हाताऱ्यासारखी निघाली आणि पोचायच्या आत दांडी आडवी झाली. पुन्हा केलं. पुन्हा आडवी. पाच वेळा. मला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं. डब्यातून वर आलेल्या फिरत्या खुंटीवरून नॉबची टोपी सरकली होती. खूण ठिपक्यावर होती, पण आतला जोर बराच कमी.

समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. “गाइड का क्या कहना है?”

इथे मी उभं राहून दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी उभा राहिलोसुद्धा. आणि म्हणालो, “तैयारी थोड़ी कम पड़ गई।”

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मान हलवली तिने, जणू हिशेब पटला. शेऱ्यात आलं, प्रगती असमाधानकारक, सहा महिन्यांत पुन्हा दाखवावे, अन्यथा नोंदणी रद्द. त्या संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. फार सभ्य माणूस. “सर, पोट्टी कमी पडून राहिली असन त सांगा. आम्ही तिले समजावू, दुसरं काही करन ते.” मी म्हणालो, काळजी करू नका, हुशार आहे. फोन ठेवल्यावर मी आरशाकडे गेलो नाही.

पुढे तिने सहा आठवडे दोष शोधला. तारा बदलल्या. मोटर उघडली. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजक्या दिवसांत, मोटर तापून सुस्तावते की काय म्हणून सकाळ-दुपार तापमान लिहिलं, मोटरवर ओलं फडकं ठेवलं. त्या फडक्याकडे पाहून मला जेवण जाईना. मी तिला कॅन्टीनमध्ये पोहे खायला नेलं, सांगायचंच असं ठरवून.

“सर, कुछ कहना था आपको?”

“पोहे गार होतायत,” मी म्हणालो.

शेवटी मी चोरासारखा मार्ग काढला. एका रविवारी दुपारी लॅब उघडली, टोपीचा बारीक स्क्रू चष्म्याच्या पेचकसाने सैल केला, तिच्याच वहीतले जुने आकडे बघून आतला जोर पूर्वीइतका केला, टोपीवरची खूण ठिपक्यासमोर बसवली आणि स्क्रू घट्ट आवळला. पुरावा नष्ट, चूक दुरुस्त. शीळ घालत घरी आलो.

मला एक गोष्ट माहीत नव्हती. आदल्याच दिवशी, शनिवारी, तिने संगणकातले आकडे दीडपट वाढवून त्या कमजोर जोरावर दांडी उभी केली होती. सोमवारी मला दाखवून आनंद द्यायचा बेत होता. तिने हात सोडला मात्र, गाडी सुटली ती थेट रुळाच्या टोकावर आदळली आणि दांडी वाकली. एकच चूक दोघांनी एकमेकांना न सांगता सुधारली की असं होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

ती वाकलेली दांडी हातात घेऊन स्टुलावर बसली. मग डब्याचा जोर मोजला. “सर, शनिवार को कम था, आज ज्यादा है। निशान वहीं का वहीं।” तिने नॉब हलवून पाहिला. घट्ट. मीच आवळला होता.

“आपने उस दिन सही कहा था,” ती म्हणाली. “मेरी ही तैयारी कम थी। मैंने निशान पर भरोसा किया।”

यावर मी नवी दांडी मागवायचा अर्ज लिहायला घेतला. याला माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि विनोदही नाही.

त्यानंतर तिने जे केलं ते मात्र देखणं होतं. दुसऱ्याची स्कूटर चालवायला घेतली की पहिल्या पन्नास पावलांत आपल्याला ब्रेक किती घट्ट आहे ते कळतं आणि हात त्याप्रमाणे वागतो. तसं तिने संगणकाला शिकवलं. जोर किती आहे हे गृहीतच धरायचं नाही, गाडीच्या हालचालीवरून ओळखायचं. सहा महिन्यांनी समिती आली तेव्हा तिने अध्यक्षांनाच सांगितलं, नॉब हवा तिकडे फिरवा. त्यांनी फिरवला. दांडी जरा डगमगली आणि उभी राहिली. नोंदणी वाचली. पेपर झाला, प्रबंध झाला.

त्या काळात माझं पाप शंकरपाळ्यांच्या रूपाने बाहेर पडत होतं. दर पंधरा दिवसांनी आत्याकडून डबा भरून आणायचो आणि विद्यार्थिनीच्या टेबलावर ठेवायचो. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटे, मुलीला आवडतात म्हणून नेतो. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मुलीने लिहिलं होतं की गाइडने एकदा सर्वांसमोर माझी उणीव खरेपणाने सांगितली, म्हणून मी घडले. त्या पानावर गाइड म्हणून मला काही दुरुस्ती सुचवायची आहे का, असंही विचारलं होतं. मी एक स्वल्पविराम सुचवला.

शेवटची तोंडी परीक्षा आमच्याकडे सगळ्यांसाठी खुली असते. घरची मंडळी मागच्या रांगेत बसतात आणि संपल्यावर समोसे असतात. तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आणि तिने हट्टाने बोलावून घेतलं होतं, ‘शंकरपाळेवाली आजी’ला. आत्या वडिलांच्या शेजारी, पदर सावरून, मांडीवर डबा घेऊन.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्यावरच्या चित्राकडे बोट दाखवलं. भिंतभर तो काळा नॉब, आणि आंब्याएवढा लाल ठिपका. ते म्हणाले, सगळा प्रबंध यावर उभा आहे की खूण जागेवर असताना जोर बदलला. “पर ऐसा सचमुच होता है क्या? इसे घुमाया किसने?”

“किसी ने नहीं, सर,” ती म्हणाली. “अपने आप बदला। मेरे गाइड भी गवाह हैं।”

परीक्षक माझ्याकडे वळले. समिती वळली. तिचे वडील कौतुकाने माझ्याकडे पाहू लागले. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि या वेळी काय बोलणार होतो ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही, कारण मागच्या रांगेतून आवाज आला:

“काहून रे, हे बटन त तूच फिरवलं होतं न त्या दिवशी मले दाखवाले? कट् वाजलं होतं, पाह्य.”