अफूसाठी लावलेला कौल

आमचे हे आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला होते. अंग मोडून जायचं, म्हणून तिथं कुणीतरी अफूची गोळी दिली आणि त्या गोळीनं माणूस गिळला. रत्नागिरीला घरी आले ते नुसती हाडं घेऊन. गोळी मिळाली की डोळे मिटून पडायचे, नाही मिळाली की थरथरायचे, लहान पोरासारखे रडायचे. मी देवाधर्माची बाई, पण तेव्हा मनात यायचं, देव आहे की नुसताच दगड?

मामंजींनी ठरवलं, गोळ्या विहिरीत टाकायच्या आणि ह्यांना खोलीत कोंडायचं. मलाही ते पटलं. पण कौल घेतल्याशिवाय आमच्या घरात साधा बैलसुद्धा घेत नाहीत. ग्रामदेवीला गेलो. गुरवानं मूर्तीला ओले तांदूळ चिकटवले. उजवीकडचे आधी पडले तर देवीचा होकार. पडले डावीकडचे. "पुन्हा लाव," मी म्हटलं. पुन्हा डावाच! माझा संताप संताप झाला. पायरीवर बसून मोठ्यानं म्हटलं, "आई, माझं कुंकू पुसायचंच ठरवलंयस काय गो?"

नारळ द्यायला आलेला एक म्हातारा तांडेल, बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, ते ऐकून थांबला. केळशीचा होता. सगळं विचारून घेतलं नि म्हणाला, "गो बाय, कोंडू नको त्याला. माझ्या भावाला असाच कोंडला होता. दार उघडलं तर जीव गेलेला." स्वतः त्यानं मुंबईच्या दवाखान्यात राहून अफू सोडली होती. "तेव्हा माझ्या बाजूला सगळे खोकल्यासाठी अफू घेऊन घेऊन सवय लागलेले म्हातारे. परवा भाच्याला घेऊन गेलो, तर सगळी तुझ्या घोवाच्या वयाची पोरं, बोटीवरची नि गिरणीतली. डॉक्टर गोळी एकदम तोडत नाय. खुडत खुडत कमी करतो."

मामंजींनी त्याच्याकडून दवाखान्याचा पत्ता घेतला. त्याच आठवड्यात बोटीनं ह्यांना मुंबईला त्या दवाखान्यात घेऊन गेले. मी घरी राहिले. जीव टांगणीला लागलेला, पण देवीकडे पुन्हा काही मागितलं नाही. तिला काय करायचं ते करू दे, म्हटलं.

गणपतीच्या आधी दोघे परत आले. हे ओटीवर टेकले नि म्हणाले, "पेज आहे का गो? भूक लागलीय." कितीतरी दिवसांनी तो शब्द कानावर पडला. वाढली. "आणखी वाढ," म्हणाले. पळी हातात तशीच धरून मी देव्हाऱ्याकडे वळले आणि हुंदकाच फुटला. आई, तू माझं ऐकलं नाहीस, म्हणून माझा माणूस आज जेवतोय.