धाकट्या बहिणीच्या गुडघ्यांचा हेवा

आज सकाळी सक्करदऱ्याच्या मैदानावर धाकट्या बहिणीचा, पिंकीचा, फुटबॉलचा सराव पाहायला गेले आणि चक्क जळून परत आले.

तिच्या कोच मॅडमनी आधी बॉल दिलाच नाही. मुलींच्या जोड्या समोरासमोर उभ्या केल्या. एकीनं उडी मारायची, दुसरीनं तिचे गुडघे पाहायचे. खाली येताना गुडघे आत वळले की टोकायचं. पिंकीची जोडीदार आली नव्हती, म्हणून मलाच उभं केलं.

"किती बोर करून राहिल्या मॅडम! बॉल काहून नाही देत?" पिंकी कुरकुरली.

आमच्या कॉलेजात मैदानाला दोन चकरा मारल्या की थेट खेळ. एकदा उडी घेऊन डोक्यानं बॉल मारला, खाली येताना गुडघा आत वळला, आतला लिगामेंट फाटला आणि माझा फुटबॉल तिथंच संपला. कोणी धक्कासुद्धा दिला नव्हता. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून सगळे माझं कौतुक करतात. मला मात्र पिंकीच्या धड गुडघ्यांचा हेवा वाटतो.

"गुडघा आत गेला. पुन्हा मार," मी पिंकीला टोकलं.

"तू जळून राहिली माझ्यावर, ताई!"

"हो, जळून राहिली. मार उडी."

तुमच्या मुली जिथं खेळतात, तिथं त्यांना उडी मारून नीट खाली यायला कोणी शिकवतं का? उद्या जाऊन विचाराल?