फ्रिजवाले प्रोफेसर

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘फ्रिज दुरुस्ती, एम.ए.’ एम.ए. इतिहासातलं होतं, पण रंगाऱ्यानं अक्षरं एवढी मोठी काढली की पुढे जागाच उरली नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटे, हा माणूस फ्रिजमध्येच एम.ए. झालाय. मालकानं हा गैरसमज कधी दूर केला नाही. धंदा छान चालला होता. उगाच खरं बोलून पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

प्रोफेसर हे नाव गल्लीनं दिलेलं. कॉलेजात शिकवायचं म्हणून त्यांनी बरीच वर्षं चपला झिजवल्या होत्या. मुलाखतीला जायचं, बाहेरच्या बाकावर ताटकळायचं आणि ‘कळवतो’ ऐकून परत यायचं. शेवटी सासऱ्यांनी जावयाला आपल्या दुकानात बसवलं आणि गॅस भरायला शिकवलं. जावई शिकला, हात बसला. पण जित्याची खोड! इकडे कॉम्प्रेसर उघडला की तिकडे प्रोफेसरांचं तोंड उघडायचं. पूर्वीचे राजे डोंगरावरून बर्फ कसा आणवायचे, वाटेत तो किती वितळायचा आणि मग कुणाची कशी खरडपट्टी निघायची, हे ऐकता ऐकता माणसं घरी जायचंच विसरायची. एक पेन्शनर तर घरात फ्रिज नसतानाही नेमानं यायचे.

मुलगी बारावी झाली आणि प्रोफेसरांनी परस्पर ठरवून टाकलं. कॉलेजात एसी-फ्रिजचा नवा पदवी कोर्स निघाला होता, तोच घ्यायचा. हातात कसब असलं की कुणापुढे वाकावं लागत नाही, असं ते येईल त्याला सांगत सुटले.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मुलगी अर्ज घेऊन दुकानात आली. प्रोफेसर केकवाल्या बाईंच्या फ्रिजच्या मागे बसून, नळीला साबणाचा फेस लावून गळती शोधत होते. बाई क्रीमचं पातेलं मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या.

“बाबा, सही हवी होती. मी इतिहास घेतेय.”

फेसाचा ब्रश खाली पडला.

“काय घेतेयस?”

“इतिहास.”

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बापाची कथा माहीत असून?” प्रोफेसर तसेच फेसाळ हातांनी उठले. “इतिहासानं मला काय दिलं? बाहेरचा बाक! हे दुकान नसतं तर तुझ्या आजोबांच्या दारात फुकट जेवत बसलो असतो मी. कॉलेजनं पोटापाण्याचं शिकवावं. बाकीचं वाचायला वाचनालयं आहेत.”

“अहो, माझं क्रीम...” केकवाल्या बाई म्हणाल्या.

“थांबा हो!”

मुलगी जागची हलली नाही. तीही त्यांचीच. “बाबा, एक विचारू? जेवताना तुम्ही कधी फ्रिजबद्दल बोललात? एकदा तरी?”

प्रोफेसर आठवू लागले. घास हातात धरून सांगितलेल्या लढाया आठवल्या, कालवे आठवले, दुष्काळात धान्याची कोठारं उघडणाऱ्या राण्या आठवल्या. थर्मोस्टॅट काही केल्या आठवेना.

“तुम्हीच तर वेड लावलंत,” ती म्हणाली. “आता नको कसं म्हणता?”

प्रोफेसर मटकन खाली बसले. त्यांना राग आला होता असं आतापर्यंत सगळ्यांना वाटलं होतं, त्यांना स्वतःलाही. पण ती भीती होती.

“तुला कुणी त्या बाकावर बसवलं ना,” ते म्हणाले, “तर मला नाही सहन होणार गं.”

“नोकरी नाही मिळाली तर मी इथे येईन. गॅस भरायला शिकवाल ना?”

“शिकवीन की.”

“मग? तुम्हाला सासऱ्यांनी शिकवलं, मला बाप शिकवेल. तोवर मला वाचू द्या.”

प्रोफेसरांनी डोळ्याला हात नेला आणि साबण डोळ्यात गेला. निदान सगळ्यांना सांगताना त्यांनी साबणच सांगितला.

“जा हो तिला घेऊन,” केकवाल्या बाई पातेलं सावरत उठल्या. “मी क्रीम डेअरीत ठेवते. पण फ्रिज उद्या सकाळी हवा.”

प्रोफेसरांनी हात धुतले, सही केली, शटर ओढलं आणि मुलीबरोबर कॉलेजकडे निघाले. वाटेत कोणकोणती पुस्तकं आधी वाचायची ते त्यांनी सांगायला घेतलं, आणि कॉलेजचं फाटक आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं.