राखेच्या बादलीतली टरफलं

केकात अंडं मी घातलं आणि काम मावशींचं गेलं. एवढंच सांगायचं आहे, पण लिहायला बसलो की दोनदा उठून पाणी पिऊन येतो.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या सीताबर्डीवर आमचं आठ खोल्यांचं लॉज होतं. आमचं म्हणजे मालकीणबाईंचं. मी मॅनेजर, वय चोवीस. दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी होती, ती बाई रोज स्वतः पुसायच्या. हिवाळ्यात गिऱ्हाईक वाढलं की दुपारी आम्ही तिघं मिळून नानखटाई आणि केक भाजायचो. बाई मैदा चाळायच्या. मावशी, म्हणजे उमरेडच्या विणकर घरातल्या आमच्या स्वयंपाकीण, परातीत तूप-साखर तळहाताने फेसायच्या. त्याचा ठिपका पाण्यावर तरंगला की मगच थांबायच्या. निखारे, मावशींच्या भाषेत इस्तो, माझ्याकडे. जाड पातेल्यात वाळू, वाळूवर केकचा डबा, झाकणावर निखारे, अशी आमची भट्टी.

नानखटाई खुसखुशीत व्हायची. केक मात्र मधोमध बसायचा.

"बाबू, तुझा इस्तो झोपून राहिला गा," मावशी म्हणायच्या. "केकले काहून दोष देतं?"

बाई हसायच्या. ते हसणं मला दिवसभर टोचत राहायचं.

इतवारीत धान्याच्या व्यवहारासाठी येणारा एक व्यापारी नेहमी आमच्याकडे उतरायचा. त्या डिसेंबरात तो बायको-मुलीला घेऊन आला. मुलीचा वाढदिवस होता. बेकरीच्या केकात अंडं असतं म्हणून त्यांच्या घरात केक कधी आलाच नव्हता. "तुमच्या हातचा चालेल," तो बाईंना म्हणाला. "तुमच्यावर विश्वास आहे."

सकाळी पहिला केक बसला. बाईंनी शेगडीकडे बघितलं. दही-सोड्याचं दुसरं मिश्रण तयार झालं आणि त्या दोघी वाळत घातलेल्या संत्र्याच्या साली आणायला गच्चीवर गेल्या. मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन अंडी आणली, फोडली, घोटली. टरफलं कागदात गुंडाळून राखेच्या बादलीत खाली दाबली. भीती होती ती फक्त पकडलं जाण्याची. त्या व्यापाऱ्याचा विचार मनाला शिवलाही नाही.

केक डब्याच्या काठापर्यंत फुगला. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मावशी डब्यावर वाकल्या, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सुरी धुवायला गेल्या. संध्याकाळी मुलीने केक कापला. तिच्या आईने दोन तुकडे मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी गेल्यावर भांड्यांसाठी राख काढताना बाईंच्या हाताला कागद लागला.

"तुमच्या घरी चालतं ना वं हे?" त्यांनी मावशींना विचारलं. मला नाही. माझं घर कोणतं, हे त्यांना माहीत होतं. मला विचारावं असं त्यांच्या मनातच आलं नाही.

"घरी खातो बाई. लपवत नाही मी. पन या घरात आजवर आनलं नाही."

"मग कोणी आणलं?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. राखेची बादली मी भरायचो, त्यांना ठाऊक होतं. त्या मला वेळ देत होत्या, असं आता वाटतं. मी चिमटा उचलला आणि विझलेले कोळसे निवडू लागलो.

"मले काय विचारता? तुमचं तं ठरूनच गेलं," मावशी म्हणाल्या. खोचलेला पदर सोडला आणि जिना उतरून गेल्या, त्या कायमच्या.

बाईंनी पातेलं बदललं, वाळू बदलली. व्यापाऱ्याला मात्र काही कळवलं नाही. केक बंद झाला. नानखटाईचं तूप मी फेसून पाहिलं, ठिपका बुडायचा.

काही वर्षांनी कॉटन मार्केटात मावशी दिसल्या. मीच पुढे झालो.

"ओळखलं का?"

"तुले कशी विसरीन गा? बोल."

त्या थांबल्या, अगदी त्या दिवशीसारख्या. सगळं ओठावर आलं होतं. शेजारच्या टोपलीतल्या कोथिंबिरीकडे बघून मी विचारलं, "सांभार कसा दिला?"

"त्याले विचार," भाजीवाल्याकडे बोट करून त्या म्हणाल्या आणि गर्दीत निघून गेल्या.

बाई वारल्या. मावशींचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर सांगतो, मावशींनी त्या स्वयंपाकघरात अंडं आणलं नव्हतं. मी आणलं होतं. आणि त्या माझ्या बोलण्याची वाट बघत उभ्या असताना मी कोळसे निवडत बसलो होतो.