सोनेरी टोपातली आत्या

हिप्पींवरचे जुने, स्वस्तात उरकलेले सिनेमे बघायची मला खोड आहे. निवृत्त झाल्यापासून जळगावच्या घरात दुपारचं जेवण झालं की मोबाइल उशीला टेकवून लवंडतो. सगळ्यांची तऱ्हा एकच. दोन तास धूर, नाच, तोकडे कपडे. शेवटी कुणी वडीलधारा तरुणांना पाच मिनिटं उपदेश करणार, म्हणजे प्रेक्षक निश्चिंत मनानं घरी जायला मोकळा.

मागच्या हिवाळ्यात असाच एक लावला होता. टेकडीवर हिप्पी गोल करून बसलेले, गिटारीला तारा तीनच. सोनेरी केसांचा टोप घातलेली एक मुलगी चिलीम ओढून डोलत होती. कॅमेरा तिच्या जवळ गेला आणि मी उठून बसलो. ती माझी आत्या होती.

आत्या अमळनेरला असते. ती मुख्याध्यापिका होती. नातवंडं झालेले तिचे विद्यार्थी अजून तिला बघून शर्टाची वरची गुंडी लावतात. रविवारी एसटीनं तिच्याकडे गेलो आणि मोबाइल हातात दिला. तिनं चष्मा पुसून पाहिलं.

"हे कुठे सापडलं रे तुला?"

मग तिनं सांगितलं. ती धुळ्याला डी.एड. करत होती. मुंबईहून सिनेमावाले आले, महामार्गालगतच्या टेकडीवर मुक्काम टाकून. त्यांना गर्दीसाठी मुली हव्या होत्या. 'भजनाचा प्रसंग आहे' असं सांगून आत्याला आणि तिच्या मैत्रिणीला नेलं. चिलमीत धूप घातला होता. आत्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दिग्दर्शक ओरडला, "वा! नशा अशीच हवी!"

"सिनेमा धुळ्यात लागला तेव्हा माझं लग्न ठरलेलं. पोस्टरच्या कोपऱ्यात मी, अंगठ्याएवढी. तो उतरेपर्यंत मी त्या रस्त्याला फिरकले नाही."

कुणीच ओळखलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. बाराएक वर्षांनी एका संध्याकाळी अंगणात शेंगा फोडताना तिचे यजमान, आमचे काका, सहज अहिराणीत म्हणाले, "सिनेमामा तुले चिलीम धरता उनी नही." म्हणजे सिनेमात तिला चिलीम धरता आली नव्हती.

आत्याच्या हातातलं सूप खाली पडलं. काकांनी लग्नाआधीच तो सिनेमा तीनदा पाहिला होता.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" तिनं विचारलं.

"तू सांगशी म्हनीसन मी थांबनू," काका म्हणाले.

त्यावर ती आधी रडली आणि मग तिला हसू आवरेना, असं तिनंच सांगितलं. काकांना जाऊन आता चार वर्षं झाली.

"मी मात्र हा कधी पाहिला नाही," ती म्हणाली. "धीरच झाला नाही. लाव पहिल्यापासून."

आम्ही मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. स्वतःचा प्रसंग तिनं दोनदा मागे घ्यायला लावला. मैत्रीण दिसली तेव्हा तिनं पडद्यावर बोट ठेवलं. शेवटी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बिघडलेल्या पिढीला हात जोडून समजावू लागले.

"बंद कर," आत्या म्हणाली. "हे भाषण मी चाळीस वर्षं दिलंय."